दुपारची सुई

सुई टोचून झाली तरी रंभाबाईंनी वंदनाचं मनगट सोडलं नाही.

"बाई, तुह्या सुईनं काहीच होत नाही वं," त्या म्हणाल्या. "सकाळच्या सुईनं डोळा लागला होता. दुपारची देल्ली का आग तशीच राहते."

"आत्ताच दिली ना आजी. थोडा वेळ लागते," वंदना म्हणाली आणि मनगट हळूच सोडवून घेतलं. कापसाचा बोळा ट्रेमध्ये टाकला. तिचे हात अजिबात थरथरत नव्हते. अर्ध्या तासापूर्वी, दुपारपाळी सुरू होताच, स्टाफच्या बाथरूममध्ये कडी लावून तिनं रंभाबाईंच्या नावाचं इंजेक्शन स्वतःच्या मांडीत घेतलं होतं. रंभाबाईंना मिळालं ते नुसतं पाणी होतं, औषधं पातळ करायला वापरतात ते.

जरीपटक्यातल्या त्या चाळीस खाटांच्या खासगी हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट रंभाबाईंची होती. वय सत्तरीचं. कुहीच्या पुढच्या एका खेड्यात राहायच्या. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत धुऱ्यावरून, मातीच्या कडेवरून, पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून आत सळई बसवली होती. पहिले पाच-सहा दिवस दुखणारच, म्हणून डॉक्टरांनी सकाळ, दुपार आणि रात्री वेदनेचं इंजेक्शन लिहून दिलं होतं. सकाळचं आणि रात्रीचं दुसऱ्या सिस्टर देत. दुपारचं वंदना देई.

चार वाजता रंभाबाई ओरडू लागल्या. आधी देवाचं नाव घेत, मग नुसत्याच. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलीनं तक्रार केली. जयवंता, त्यांची सून, त्यांचे पाय दाबत होती. मुलगा दुर्गेश बाहेरून पाण्याची बाटली घेऊन आला तो दारातच थांबला. सगळा वॉर्ड त्याच्याकडे पाहत होता.

"माय, चूप राह्य," तो जवळ येऊन म्हणाला. "सकाळी चांगली राहतं. दुपारून काहून सुरू होते तुहं? सगळ्यायले सुया देतात येथं. तूच एकटी बोंबलून राहिली."

रंभाबाईंना ऐकू गेलं नसावं. त्यांचा आवाज आणखी चढला. तेव्हा दुर्गेशनं आपला तळहात आईच्या तोंडावर ठेवला आणि दाबून धरला. वर नुसते डोळे दिसत होते. ते डोळे वॉर्डभर फिरले आणि वंदनावर येऊन थांबले.

वंदना चार पावलांवर उभी होती. तिनं हातातला चार्ट उलटला आणि त्यात काहीतरी लिहायला घेतलं.

असं पाच दुपारी झालं.

सहाव्या दुपारी वॉर्डच्या प्रमुख कुसुमताई स्वतः ट्रे घेऊन आल्या. तीस वर्षं नोकरी झालेली बाई, बोलायची कमी. त्यांनी वंदनासमोर नवी बाटली फोडली, औषध ओढलं आणि रंभाबाईंना टोचलं. वीस मिनिटांनी रंभाबाईंना झोप लागली. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी मोडलेली. जयवंता म्हणाली, "पाहा, आज कशी लवकर झोपली." कुसुमताईंनी तिच्याकडे न बघता वंदनाला कपडे बदलायच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"दाखव," त्या म्हणाल्या.

काय, ते वंदनानं विचारलं नाही. तिनं सलवार वर केली. दोन्ही मांड्यांवरची कातडी लाकडासारखी कडक झाली होती, मध्ये मध्ये काळे खड्डे. कुसुमताई बराच वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच वंदनाची सलवार खाली ओढली, जशी एखाद्या रोग्याची ओढतात.

"किती दिवस झाले?"

"तीन वर्षं."

"आणि म्हातारीला काय देत होतीस?"



हॉस्पिटलनं गाजावाजा केला नाही. त्याच संध्याकाळी राजीनामा लिहून घेतला. रोग्यांना सांगितलं, सिस्टर बदलून गेल्या. रंभाबाईंना दोन दिवसांनी घरी सोडलं. त्यांना कुणी काहीच सांगितलं नाही.

*

सुरुवात मूतखड्यानं झाली होती. ड्युटीवरच कळ आली, वंदना जमिनीवर बसली, आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं. दुखणं तर गेलंच; पण त्यासोबत दोन पाळ्या सलग केल्याचा शीण गेला, सासूच्या आजारपणाची काळजी गेली, सतत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं तेही गेलं. खडा पडून गेला, पण त्या दुपारची आठवण गेली नाही. पुढं एकदा एका रोग्याला अर्धंच औषध लागलं, अर्धं बाटलीत उरलं. फेकायचंच होतं. मग उरलेलं असं कितीतरी. मग उरेनासं झालं, आणि न घेतल्यास अंग मोडून यायचं, नाक वाहायचं, पोटात गोळे यायचे, हात ट्रे धरू शकत नसत. ते थांबवायला घ्यावं लागू लागलं. सुखासाठी घेणं केव्हाच संपलं होतं. रोग्यांच्या वाट्याला ती पहिल्यांदा कधी गेली हे तिला नक्की सांगता येत नसे. हे न सांगता येणंच तिला पुढं सर्वांत जास्त लागलं.

व्यसनमुक्ती केंद्रात ती दीड महिना राहिली. पहिले आठ दिवस गोधडी दातात धरून काढले. गटाच्या बैठकीला बाकी सगळे पुरुष होते, बहुतेक दारूचे. ती एकटी बाई. पहिल्या बैठकीत नाव आणि काम सांगायचं होतं. नाव सांगितलं. काम सांगताना ती म्हणाली, "घरीच असते." समोरचा एक ट्रकवाला म्हणाला, "ताई, आमीबी पैले असंच काई तरी सांगलं होतं." कुणी हसलं नाही.

तिथल्या समुपदेशक कामिनी तिच्याहून दहा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी फळ्यावर मेंदूचं चित्र काढून समजावलं. औषध बाहेरून येत राहिलं की शरीर स्वतःची सोय करणं सोडून देतं, मग औषधाशिवाय साधं उभं राहणंही अवघड होतं. हा मनाचा दुबळेपणा नाही, आजार आहे. बराच काळ उपचार लागतात, मध्ये पाय घसरू शकतो. वंदनाला हे पुस्तकात शिकवलं होतं. तरी ती रडली.

मग एक दिवस तिनं विचारलं, "मी इंजेक्शन घेतलं ते आजार म्हणून. पण त्या आजीला पाणी टोचलं, ते?"



"आजारात केलं," कामिनी म्हणाल्या. "पण केलं तुम्हीच."

घरी आल्यावर रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. ही गोळी पोटात असली की इंजेक्शन घेऊनही काही वाटत नाही. ती घरच्यांच्या समोर घ्यायची असते. नवरा अश्विन हिंगण्याच्या कारखान्यात होता. कंपनीची बस साडेसहाला कोपऱ्यावर येई. त्याआधी तो तळहातावर गोळी आणि हातात पाण्याचा पेला घेऊन उभा राही. ती गिळे. तो म्हणे, "तोंड उघड." ती उघडे. त्याच आवाजात, तेवढ्याच शांतपणे तिनं किती रोग्यांना तसं म्हटलं होतं. नातेवाइकांना अश्विननं मणक्याचा त्रास असल्याचं सांगून ठेवलं होतं, म्हणून लग्नाकार्यात बायका तिला खुर्ची आणून देत, आणि ती बसे.

मुलगी भूमिका बारावीला होती. एकदा तिला ताप भरला. वंदनानं गोळी काढून हातावर दिली. भूमिका गोळीकडे पाहत राहिली, मग म्हणाली, "आई, पाकीट दाखव." पाकीट बघून तिनं गोळी घेतली. वंदना स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरू लागली, आणि भाजी चिरून संपल्यावर आणखी एक भाजी चिरली.

चौथ्या महिन्यात अश्विन गावी गेला असताना तिनं तीन दिवस गोळी घेतली नाही. पांढरा जुना कोट चढवून ती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या औषधाच्या दुकानात गेली आणि इंजेक्शन मिळवून घेतलं. नऊ दिवस तिनं कुणालाही सांगितलं नाही. दहाव्या दिवशी ती स्वतः कामिनींच्या खोलीबाहेर जाऊन बसली. त्यानंतर मात्र घडलं नाही. जरीपटक्याच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानात तिला काम मिळालं. सिस्टर म्हणून नोंदणी अजून होती, पण तिनं तो कागद कपाटातून काढला नाही.

इतर रोग्यांचे चेहरे तिला आठवत नसत. रंभाबाईंचा आठवे, तोसुद्धा अर्धाच, तळहाताच्या वरचा. केसपेपरवरचा पत्ता तिला पाठ होता.

"मला त्यांना भेटायचंय," तिनं कामिनींना सांगितलं.

"कशासाठी?"

"सांगायला."

"तुमचं ओझं उतरावं म्हणून जाऊ नका," कामिनी म्हणाल्या. "त्यांच्या काही उपयोगाचं असेल तर जा."

ते कसं ओळखायचं, हे कामिनींनाही सांगता आलं नाही.

अश्विनला तिनं आदल्या संध्याकाळी सांगितलं. तो बूट काढत होता. एक बूट हातातच राहिला.

"त्यांनी पोलिसात देलं तर?"

"तर देलं."

"भूमिकाची परीक्षा आहे फेब्रुवारीत."

"माहीत आहे."

"मग काहून जाऊन राहिली तू? झालं ते झालं. ती बुढी बरी होऊन घरी गेली. तिले काही माहीत नाही. कोणालेच नाही माहीत."

"मला माहीत आहे ना," वंदना म्हणाली.

अश्विननं दुसरा बूट काढला, दोन्ही कपाटाखाली सरळ लावले. सकाळी त्यानं गोळी दिली. त्या दिवशी तोंड उघड म्हणाला नाही. तिनं मात्र उघडून दाखवलं.

*

गणेशपेठच्या स्टँडवरून कुहीची एसटी, तिथून पुढं ऑटो. नोव्हेंबरचा मध्य होता. धानाची कापणी संपत आली होती, रिकाम्या बांध्यांत कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले दिसत होते. गावात शिरताच तिनं एका बाईला घर विचारलं. त्या बाईनं घर दाखवलंच, वर दारापर्यंत सोबत आली आणि हाक मारली, "जयवंता, पाहुणी आली वं."

जयवंता अंगणात सुपानं धान पाखडत होती. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"दुपारच्या सिस्टर न तुम्ही? हॉस्पिटलातल्या?"

"हो."

"या न, या. बुढे, पाहा कोण आलं."

रंभाबाई घरापुढच्या सपरीत खाटेवर बसून लाखोळीची डाळ निवडत होत्या. पूर्वीपेक्षा बारीक झाल्या होत्या. काठी खाटेला टेकवलेली. त्यांनी वंदनाकडे पाहिलं, पुन्हा डाळीकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते कळलं नाही. जयवंतानं प्लास्टिकची खुर्ची पदरानं पुसून दिली. वंदना म्हणाली की खाली बसते. जयवंतानं ऐकलं नाही.

चहा आला, सोबत ताटलीत चिवडा. जयवंता समोर उंबरठ्यावर बसली.

"तुम्ही लोकायनं लय केलं बुढीसाठी," ती म्हणाली. "आमीच तुमाले तरास देल्ला. मले अजून लाज वाटते सिस्टर. किती बोंबले ते दुपारभर. तुमी बिचाऱ्या कधी रागावल्या नाही."

वंदनानं कप खाली ठेवला. बशीत ठेवायचा तो जमिनीवर ठेवला.

"पण तेथून आल्यावर एक झालं," जयवंता पुढं सांगत राहिली, "आता तरास म्हणून नाही. तोंडातून शब्द काढत नाही. मागच्या थंडीत तळपायात खिळा घुसला. पाय सुजून असा भप झाला, ताप आला, तवा आमाले समजलं. डॉक्टर म्हणे, आजी, हे चार दिवस सहन कसं केलं? तरी बोलली नाही. यायले म्हटलं मी, बुढी सुधरली."

रंभाबाई डाळीतले खडे वेगळे करत होत्या. खडा अंगठ्याखाली धरायच्या आणि बाजूला सरकवायच्या.

"ताई," वंदना म्हणाली, "त्या खोटं ओरडत नव्हत्या."

जयवंता हसऱ्या चेहऱ्यानंच थांबली.

वंदना सांगू लागली. पाठ करून आणलेली वाक्यं होती. ती मध्येच तुटली, क्रम चुकला. तिला एक आजार होता, इंजेक्शनचा, तीन वर्षं, ती आता उपचार घेते आहे, सव्वा वर्ष होत आलं, मध्ये एकदा पुन्हा झालं. मग तिला आपण स्वतःबद्दलच बोलतो आहोत हे ऐकू आलं आणि ती थांबली. पुन्हा सुरू करताना तिनं रंभाबाईंकडे पाहून सांगितलं.

"दुपारचं औषध मी घेत होते आजी. तुमचं. तुम्हाला मी पाणी टोचत होते. पाचही दिवस."

अंगणात कोंबड्या धानाजवळ आल्या होत्या. एरवी जयवंतानं हाकलल्या असत्या. ती उंबरठ्यावर तशीच बसून होती. तिच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. ती उठली, वंदनाच्या अगदी जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली,

"तुमी जा आता. ते येतीनच वावरातून जेवाले. त्यायले हे नका सांगू."

"ताई—"

"मी हात जोडते. त्यायनं मायच्या तोंडावर हात ठेवला होता. तुमी होत्या न तेथं? आमाले वाटलं नाटकं आहे. त्यायले हे समजलं त जेवण नाही जाणार त्यायले. विचारलं त मी सांगते, सिस्टर इकडून जात होती, पाय पाहाले आली. संपलं."

वंदना उठून उभी राहिली. कामिनींचं बोलणं तिला आठवलं, आणि आपण इथं येऊन आणखी एका घरावर काहीतरी आणून टाकलं, असं तिला वाटलं. हाच तर तिचा जुना स्वभाव होता. आपल्याला सहन होत नाही ते दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचं. तिनं खांद्याला पिशवी लावली.

"माफ करा आजी," ती म्हणाली. "म्हणजे, करू नका. मी फक्त—"

"बस," रंभाबाई म्हणाल्या.

इतक्या वेळात त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. त्यांनी डाळीचं ताट बाजूला सरकवलं.

"माफीबिफी मले समजत नाही. तू बस तेथं. जयवंता, दुर्गेशले बलाव."

"येतेच आहे न ते. पण बुढे, त्यायले कायले आता..."

"बलाव म्हटलं."

जयवंता अंगणाच्या फाटकापर्यंत गेली. बोलवायची गरज पडली नाही. दुर्गेश रस्त्यावरून येतच होता, डोक्याच्या रुमालात तणसाच्या काड्या अडकलेल्या. जयवंता त्याला काही बोलली नाही. नुसती त्याच्या मागे मागे आली. त्यानं वंदनाला पाहिलं, ओळखलं, हात जोडले.

"नमस्कार सिस्टर. इकडं कशा?"

"बस येथं," रंभाबाई त्याला म्हणाल्या, आणि खाटेच्या कडेवर थाप मारली. तो हात-पाय धुवून येतो म्हणाला. त्या म्हणाल्या, नंतर धू. तो बसला. रंभाबाईंनी वंदनाकडे पाहिलं.

"सांग. मले सांगलं ते."

वंदनानं पुन्हा सांगितलं. या वेळी चार वाक्यांत झालं. आजार हा शब्द त्यात आला नाही.

दुर्गेश ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं रुमाल डोक्यावरून सोडला आणि त्यातली एकेक काडी काढू लागला.

"पाचही दिवस?"

"हो."

"सकाळची सुई बरोबर राहे?"

"हो. सकाळची आणि रात्रीची बरोबर होती."

"म्हणून सकाळी चांगली राहे ते." हे तो कुणालाच उद्देशून म्हणाला नाही. काड्या काढून झाल्या तरी रुमाल हातात होता. "मी तिचं तोंड दाबलं तवा तुमी तेथंच होत्या."

"होते."

"तुमाले माहीत होतं."

"माहीत होतं."

"आन तुमी काही नाही म्हटलं."

"नाही म्हटलं."

वंदनानं पिशवीतून वही काढली, एका कागदावर आपलं नाव, घरचा पत्ता, फोन नंबर आणि हॉस्पिटल सोडल्याची तारीख लिहिली, आणि कागद खाटेवर ठेवला.

"तक्रार करायची असली तर हे लागेल," ती म्हणाली. "मी नाकारणार नाही."

दुर्गेशनं कागद उचलला नाही. तो उठला, अंगणात दोन पावलं गेला, पुन्हा आला. तो वंदनाकडे पाहत नव्हता आणि आईकडेही पाहत नव्हता. जयवंता खांबाला टेकून उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"जा तुमी," शेवटी तो म्हणाला. "मले काही बोलाचं नाही तुमच्याशी. जा."

"राहू दे तिले," रंभाबाई म्हणाल्या. "ऐकू दे."

"काय ऐकू दे माय?"

रंभाबाईंनी खाटेवरून पाय खाली सोडले, काठी घेतली, पण उठल्या नाहीत. लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं. मांडीवर ऑपरेशनची लांब खूण होती, आता पांढुरकी झालेली.

"पाय दुखते," त्या म्हणाल्या.

दुर्गेश तसाच उभा राहिला.

"रोज दुखते. उठताना दुखते. इहिरीपर्यंत जातो तवा दुखते. थंडी पडली का रातभर दुखते."

"मंग सांगलं काहून नाही," जयवंता म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचा आवाज बसला.

दुर्गेश आईच्या समोर जमिनीवर बसला. मग त्यानं विचारलं, "कोठी दुखते?"

रंभाबाईंनी बोट ठेवून दाखवलं. तिथून बोट हळूहळू गुडघ्यापर्यंत आणलं, आणि मग सांगू लागल्या. कोणत्या महिन्यात सुरू झालं, कोणत्या कुशीवर झोपलं की वाढतं, पोळ्याच्या दिवशी बैलांच्या पूजेला उभं राहताना काय झालं. सांगताना त्यांना घाई नव्हती. दुर्गेश मध्ये मध्ये विचारत होता, आणि त्या उत्तर देत होत्या. जयवंता आत जाऊन पाणी तापत ठेवून आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली.

वंदनाला कुणी पुन्हा जा म्हणालं नाही. ती खुर्चीवरून उतरून सपरीच्या कडेला, जमिनीवर बसली, आणि ऐकत राहिली.